डावीकडे ओढणारी सायकल

मला पगार मिळतो तो नाही म्हणण्याचा. वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. समोर येईल तो लोखंडी ब्रॅकेट हातात घ्यायचा, मोजायचा, आणि जरा जरी चुकलेला दिसला तरी लाल पेटीत टाकायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर आता भाजीवाल्याच्या गवारीपासून नणंदेच्या जावयापर्यंत मला सगळ्यांतच खोट दिसते. माझा नवरा गोकुळ अधूनमधून विचारतो, "तनुजा, मी अजून पेटीबाहेर आहे ना?" मी नुसती त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते. थोडी धाकधूक राहिलेली बरी.

तर अशी मी, त्या रविवारी सकाळी नगर नाका मागे टाकून पडेगावच्या रस्त्याला लागले आणि एकटीच मोठमोठ्याने हसायला लागले. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने गाडी हळू करून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, बाईचं काहीतरी बिघडलंय. बिघडलं काहीच नव्हतं, तीच तर गंमत होती. माझ्याखालच्या सायकलीत मला खोट सापडत नव्हती.

सायकल माझी नव्हती. पैठण गेटला कडुबाचं सायकलींचं दुकान आहे, त्याने ती एका दिवसापुरती दिली होती. मातकट हिरवा रंग, लांबुडका सांगाडा, रुंद टायर. देताना तो म्हणाला होता, "ताई, लांब पल्ल्याची हाय. पोलादी फ्रेम, मागं दणकट कॅरिअर, दोन्ही अंगाला पिशव्या अडकवायची सोय. भाईरच्या कंपनीची असली सायकल घ्यायची तर घर गहान पडंल. ही परवडती. पन परवडती म्हनून फुसकी नाय."

"फुसकी आहे की नाही ते मी ठरवीन," मी म्हटलं.

"ठरवा की. पर रविवारी पाच वाजायच्या आत ठरवा. पाचला वैजापूरचं गिऱ्हाईक येतंय, ते डोळे झाकून घिऊन जाईल. फुडची खेप उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात घेऊन तिचं काय लोणचं घालायचं होतं? मला ती डिसेंबरात हवी होती. आमच्या सायकल क्लबातल्या चौघी डिसेंबरात इथून कन्याकुमारीला निघणार होत्या. तिघींची नावं पक्की झाली होती. चौथी मी व्हायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं, आणि ठरवणार होत्या वैदेहीताई.

वैदेहीताई दातांच्या डॉक्टर आणि क्लबच्या म्होरक्या. पन्नाशी उलटली, तरी घाटात त्यांची पाठच बघायला मिळते. नियम त्यांचाच. "मागून टेम्पो येणार नाही. जिचं ओझं तिच्या सायकलवर. म्हणून रिकामी सायकल वेरूळपर्यंत न्यायची आणि वीस किलो लादून परत आणायची. चढ आणि उतार, दोन्ही मी स्वतः बघणार. लादल्यावर डगमगली, तर या वर्षी नाही." दाढ काढायची की ठेवायची हे सांगतात त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं.

मी किती झुरत होते, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आजवर मी जिथे जिथे गेले, ते कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बारशाला, नाहीतर दहाव्याला. नुसतं जायचं म्हणून कधी कुठे गेलेच नव्हते. कन्याकुमारीला माझं काहीही काम नव्हतं. म्हणूनच मला तिथे जायचं होतं.

हे आईला पटवणं शक्य नव्हतं. माझं माहेर वेरूळचं, लेणी ओलांडून पुढे शेतात घर आहे. आईला फोनवर बेत सांगितला त्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न. "कन्याकुमारीला आपलं कोन हाय?" कुणी नाही म्हटलं की, "मंग कशाला जातीस?" मी चिडून फोन ठेवायची आणि पुढच्या फोनला ती पुन्हा तिथूनच सुरुवात करायची.

असो. तर मिटमिटा गेलं, शरणापूर फाटा गेला आणि दौलताबादचा किल्ला दिसायला लागला. रिकाम्या सायकलीची तपासणी मी चालवली होतीच. सीट कडक, पण बसल्यावर कंबर ताठ राहत होती. घंटी अगदीच मरतुकडी. ब्रेक दाबला की किंचाळत होता, पण थांबत होता. वैदेहीताईंची बोटावर उचलावी इतकी हलकी सायकल भुर्रकन पुढे जायची आणि माझी आपल्या चालीने मागून यायची. पण खड्ड्यात त्या शिव्या घालत होत्या आणि मी गाणं म्हणत होते. किल्ल्याच्या तटातल्या दिल्ली दरवाजातून आत शिरून घाट सुरू झाला तेव्हा मी सगळ्यात खालचा गिअर टाकला, आणि देवाशप्पथ सांगते, जिना चढायला लागतो त्यापेक्षा कमी दम लागला. खुलताबादला पोचले तेव्हा मी घामाने न्हाले होते आणि दात दाखवत होते.

"रिकामी पास," वैदेहीताई म्हणाल्या. "एवढं हसू नकोस. अजून ओझं बाकी आहे."

वीस किलो ओझं कुठून आणायचं, याची मला काळजी नव्हती. माहेरी गेलेली लेक रिकाम्या हाताने परत आली, असं आमच्याकडे आजवर झालेलं नाही. एसटीने गेले की कंडक्टर माझं सामान बघून कपाळाला हात लावतो. क्लबातल्या बाकीच्या बायकांनी या परीक्षेसाठी पाण्याच्या बाटल्या आणि विटा लादल्या होत्या. मला नुसतं घरी जायचं होतं.

वेरूळचा घाट उतरून आम्ही दारात पोचलो तेव्हा आई अंगणातच उभी होती. वैदेहीताईंचे गुडघ्याच्या वर संपणारे सायकलीचे कपडे बघून तिने डोळे मिटले आणि उघडले. मग काही झालंच नाही अशा थाटात पाण्याचे तांबे आणले.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी. वैदेहीताईंनी चटणी तीनदा मागून घेतली. त्यावर आई खुलली. "मिक्सरवर आसली व्हत नाय, बाई. मिक्सरची चटनी म्हंजी निस्ता गाळ." भावाने दिवाळीत आणून दिलेला मिक्सर अजून खोक्यातच आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आई चटणी आधी बोटावर घेऊन बघते आणि मिक्सरची निघाली की पानाच्या कडेला सारून ठेवते.

जेवण झाल्यावर पिशव्या भरायचा कार्यक्रम. कडुबाने दिलेल्या दोन्ही पिशव्या आईने ताब्यात घेतल्या आणि मला माझ्याच पिशव्यांजवळ फिरकू दिलं नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कांद्याच्या गोण्या तोलायचा काटा आणून ओसरीच्या आढ्याला टांगला. भरलेल्या दोन्ही पिशव्या एकत्र अडकवल्या. अठराच्या जरा पुढे आकडा थांबला.

"होईल की एवढ्यावर," आप्पा म्हणाले.

"नाही काका. वीस म्हणजे वीस. एक किलो कमी असेल तरी धरणार नाही," वैदेहीताई म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "थांबा. ओटीचं ऱ्हायलंच हाय," म्हणून पिशव्या उचलून आत घेऊन गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. या वेळी आकडा वीस ओलांडून थांबला. मी टाळ्या वाजवल्या. आईने पटकन पिशव्यांची तोंडं बांधली आणि आप्पांनी त्या सायकलला अडकवल्या.

माझ्याबरोबर आलेली सवाष्ण म्हणून वैदेहीताईंचीही ओटी भरणं आलं. त्यांच्या कपड्यांना पदर कुठला! आईने दोरीवरची ओढणी काढून त्यांच्या अंगावर टाकली, तिच्या झोळीत गहू, खण आणि नारळ घातला आणि हळदीकुंकू लावलं. ओटीला नाही म्हणता येत नाही आणि वैदेहीताईंच्या सायकलला साधं कॅरिअरही नव्हतं. शेवटी गहू आणि खण ओढणीत बांधून कमरेला, नारळ बनियनसारख्या त्या सदऱ्याच्या मागच्या खिशात, अशा त्या निघाल्या. मागून त्यांना कुबड आल्यासारखं दिसत होतं. घाटाच्या पायथ्यापर्यंत मी हसून हसून बेजार झाले.

वेरूळचा चढ मी वीस किलो घेऊन चढले. रडतखडत का होईना, पण चढले. खालचा गिअर पुन्हा धावून आला. फक्त एक गोष्ट बोचत होती. हँडल सारखं डावीकडे ओढत होतं. उजवीकडे धरलं की ठीक, जरा सैल सोडलं की डावीकडे. माझ्या मनातली लाल पेटी हळूच उघडली. ओझ्याची सवय नाही म्हणून असेल, असं म्हणून मी ती बंद केली.

दौलताबादचा उतार लागला आणि पेटी सताड उघडली. सायकलने वेग घेतला तशी मागून शेपटी हलवल्यासारखी हलायला लागली. आधी हळू, मग जोरात. हँडल हातात थरथर कापत होतं. एका बाजूला कडा, समोरून पर्यटकांची बस. मी दोन्ही ब्रेक दाबले, त्यांनी अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशी किंचाळी फोडली, आणि मी कशीबशी कडेच्या मातीत थांबले. तिथून खाली दिल्ली दरवाजापर्यंत सायकल हाताने ढकलत आणली.

खाली सीताफळवाल्या बाईच्या पाटीजवळ आम्ही टेकलो. वैदेहीताईंनी नारळ खिशातून काढून मांडीवर घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "तनुजा, वाईट वाटून घेऊ नकोस. रिकामी उत्तम आहे. पण लादल्यावर फ्रेम लवते. अशी सायकल घेऊन मी तुला कन्याकुमारीला नेणार नाही."

मला रडू आलं. सीताफळवालीसमोर, वैदेहीताईंसमोर, सरळ रडले. त्यांची चूक नव्हती, मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. दुसरी सायकल मला परवडणारी नव्हती आणि उन्हाळ्यात कुणी कन्याकुमारीला जात नव्हतं. मी कडुबाला फोन लावला, पाचच्या आत परत आणते म्हणून सांगितलं.

"डगमगती?" तो म्हणाला. "ताई, कसं शक्य हाय? तुमी लादलंय काय?"

लादलंय काय, हे मलाही माहीत नव्हतं. जो माल मी नापास करते त्याची तपासणी मी कागद बघून करत नाही, हाताने करते. मी डोळे पुसले आणि पिशव्या उतरवल्या. उजवी एका हाताने सहज उचलली गेली. डावी उचलताना खांद्यातून कळ गेली.

उजव्या पिशवीत पापड, कुरडया, शेवया आणि वर नाजूकपणे ठेवलेला चिवडा. गच्च भरलेली, पण फुलांची परडी असावी तशी हलकी. डावीत बाजरी, शेंगा, ओटीचे गहू, नारळ. आणि तळाशी नव्या खणात गुंडाळलेलं काहीतरी गार आणि जड. सोडून बघितलं. आईचा वरवंटा.

आधी मला काही सुधरेना. मग माझं डोकं असं तापलं की विचारू नका. मला जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून हा बेत! तोंडाने जमलं नाही म्हणून दगड घातला! मी तिथल्या तिथे फोन लावला.

"आई, पिशवीत वरवंटा कुणी घातला?"

"म्या."

"मला घाटात पाडायचं होतं का तुला? जाऊ नको म्हण ना सरळ, हे कसले उद्योग?"

पलीकडे आईने कोंबड्यांना हुसकावलं. मग आई म्हणाली, "आगं तने, त्या डॉक्टरीनबाई म्हनल्या ना, वीस म्हंजी वीस. ओटीचं घालूनबी कमीच पडत व्हतं. पिशव्या तर गच्च झालत्या. ल्हान आन् जड, आसं घरात दुसरं काय हाय? म्या म्हनलं, किलोभरापायी तुजं नाव नको कटाया."

"पण तुला तर मी जायलाच नको होतं!"

"नको व्हतं. आजबी नको हाय." आई म्हणाली. "पन तू सकाळी आलीस ती हसतच सायकलवरून उतरलीस. न्हायतर दारात आलीस की आधी डोकं दुखतंय म्हनतीस. आज म्हनलीच नाय."

फोन कानाला तसाच धरून मी विचारायचं म्हणून विचारलं, "मग जड ते सगळं डावीकडेच का भरलंस?"

"मंग पापडावर नारळ ठिवू व्हय?"

"आई, सायकलला दोन्ही बाजू सारख्या लागतात गं."

"आसं व्हय? मंग मोडू दे पापड. चुरा खाऊ," आई म्हणाली. कुरडयांना सुनेलाही हात लावू न देणारी बाई हे बोलत होती.

मी फोन ठेवला आणि कामाला लागले. बाजरी उजवीकडे तळाशी, शेंगा तिच्यावर, गहू आणि वरवंटा डावीकडे, पापड-कुरडया दोन्हीकडे वाटून. एक एक पिशवी हाताने तोलून बघितली. पापडांचा कुडूम कुडूम आवाज ऐकून सीताफळवाली हळहळली. वैदेहीताई म्हणाल्या, "चल, आता सपाट रस्त्याने घरी जाऊन बघू." मी म्हटलं, नाही. खराब निघालेला माल दुरुस्त केला की जिथे खराब निघाला तिथेच पुन्हा तपासायचा, हा आमच्या कारखान्याचा नियम आहे आणि तो मीच आजवर दुसऱ्यांच्या बोकांडी बसवलाय.

मी पुन्हा घाट चढले. वरच्या वळणापर्यंत. तिथे सायकल फिरवली, एकदा किल्ल्याकडे बघितलं आणि सोडून दिली.

काय सांगू! ती उतरली नाही, वाहिली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ. शेपटी नाही, थरथर नाही. मागचं ओझं मला खाली दाबून धरत होतं आणि त्यामुळे सायकल आणखीच घट्ट रस्ता पकडत होती. मी ओरडत सुटले. काय ओरडत होते आठवत नाही, पण माकडांनी झाडं बदलली. कारमधली पोरं खिडकीतून हात हलवत होती आणि मी पण हलवला. एक हात सोडून! वीस किलोनिशी! दिल्ली दरवाजातून मी बाहेर पडले तेव्हा वैदेहीताई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर मी आजवर कधी न पाहिलेलं हसू होतं.

"पास," त्या म्हणाल्या. "सायकल पण आणि तू पण." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पाटीजवळ ठेवलेला तो नारळ उचलला. "नवी गाडी आहे. पुढे नारळ नको?"

फोडायला वरवंटा होताच. पुढच्या चाकासमोर दगडावर नारळ ठेवून वैदेहीताईंनी एका घावात त्याची दोन शकलं केली. पाणी चाकावर उडालं. सीताफळवालीला खोबरं दिलं, तिने दोन सीताफळं दिली. आता सीताफळं कुठे ठेवायची यावर आमचं हसणं पुन्हा सुरू झालं. मी कडुबाला कळवलं की वैजापूरकराला उन्हाळ्यात यायला सांग.

मग वरवंटा पुसून खणात गुंडाळला आणि आईला फोन लावला.

"आई, पास झाले. नाव पक्कं झालं."

"झालं का?" तिने सुस्कारा टाकला. मग म्हणाली, "कोन हाय तिथं आपलं, देव जानं."

"आई, तुझा पाटा तसाच पडलाय ना? उद्या सुट्टी टाकते. वरवंटा आणून देते."

"उद्याच्याला कशाला?" आई म्हणाली. "कन्याकुमारीवरनं आलीस की आन. सायकलवरच आन. तवर मी मिक्सरचं खाते."